उज्ज्वलाताई, जान्हवी आरती म्हणणार नाही

उज्ज्वलाताई,

तुमच्या मुलाचा फोन आला होता. तुमच्यावर स्मरणिका काढतोय. म्हणाला, "तुम्ही आईबरोबर इतकी वर्षं काम केलंत, दोन पानं लिहून द्या. फक्त एक, चांगलं तेवढंच लिहा." चांगलं तेवढंच लिहायचं तर एक पान पुरेल, तेही मोठ्या टायपात. तेव्हा हे त्याच्यासाठी नाही, तुमच्यासाठी आहे. आयुष्यात पहिल्यांदाच तुम्ही माझं वाक्य मध्ये तोडणार नाही आहात. त्याचा फायदा घेतेय.

आधी शोकसभेचं सांगते. सभा वेळेवर सुरू झाली, तुमची लाज राखली गेली. "प्रत्येकी तीन मिनिटं," असं मुलानं सुरुवातीलाच बजावलं होतं. पहिल्याच गृहस्थांनी तुमच्याबद्दल एक वाक्य म्हटलं आणि मग ते स्वतःच्या कारकिर्दीवर जे घसरले ते थांबेचनात. तुम्ही पुढच्या रांगेत असतात तर सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं असतंत, "नक्की वारलंय कोण?" मी मनातल्या मनात तुमच्या आवाजात विचारलं. एकटीच हसले. शेजारच्या बाईंनी माझ्याकडे जे पाहिलं ते पाहिलं.

मग मागून वैशाली उठली. धानोरीची वैशाली, जान्हवीची आई. जान्हवीला हाताला धरून ती पुढं आली. पोरीच्या तोंडात फ्रॉकची कॉलर, आणि कॉलरपासून पोटापर्यंत फ्रॉक ओला. वैशालीनं माइक दोन्ही हातांनी धरला, देवळात घंटा धरावी तसा.

"मला भाषण येत नाय," ती म्हणाली. "पन ताईंनी आमाला शब्द दिलाय. जान्हवी यंदा गणपतीत आरती म्हननार. ताई गेल्या, पन दिलेला शब्द काय मरत नाय. आता ह्या मॅडम हायेत. त्या पुरा करतील." आणि तिनं सगळ्यांसमोर माझ्याकडं बोट केलं.

टाळ्या पडल्या, ताई. शोकसभेत टाळ्या.

जान्हवी सात वर्षांची आहे. तिच्या तोंडून आजपर्यंत एक शब्द आलेला नाही. आणि आपण तिच्याकडून जे करून घेत होतो, त्यानं तो येणारही नव्हता. हे मी तुम्हाला तुमच्या तोंडावर सांगत आले. तुम्ही ऐकलं नाही, आणि आता तो शब्द माझ्या गळ्यात बांधून तुम्ही फोटोत जाऊन बसलात. फोटो चांगला निवडलाय हो. त्यात तुम्ही हसताय. तुम्हाला हसताना पाहिलेली माणसं त्या हॉलमध्ये फार नसतील.

मी तुमच्याकडे पहिल्यांदा आले तो दिवस मी विसरलेली नाही. विश्रांतवाडीत गाद्यांच्या दुकानावर आपल्या दोन खोल्या, पोरांच्या थेरपीच्या. बाहेर बाकावर बसलेली मी, हातात सर्टिफिकिटांची फाइल, तोंडात ओढणीचं टोक. माझी आई मंडईत लिंबं-मिरच्या विकते, घर येरवड्याला. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि थेरपीचा एवढा अवघड कोर्स पहिल्या दमात पास झालेलीही मीच. हे मी कुणालाही सांगते, मान खाली न घालता सांगते. पण त्या दिवशी ओढणीचं टोक तोंडातून सुटत नव्हतं.

तुम्ही फाइलला हातही लावला नाही. म्हणालात, "ओढणी का चावतेयस?"

"सवय आहे, मॅडम." मी टोक खाली सोडलं.

"सवय-बिवय काही नाही. चाव. लाजू नकोस, जोरात चाव. आता बघ, खांदे उतरले की नाही?"

खरंच उतरले होते.

"अगं, तू स्वतःला धरून ठेवतेयस," तुम्ही म्हणालात. "दातांनी. लहानपणी काय खायचीस? पाटीवरची पेन्सिल?"

ताई, पेन्सिलीसाठी मी किती मार खाल्लाय. बाईंनी हातावर पट्टी मारली. आईनं तर ओठांना मिरची चोळली, तिच्या हाताशी मिरचीच असायची. सगळ्यांनी मला हावरी म्हटलं, घाणेरडी म्हटलं. पोरगी घाबरलीय आणि घाबरलेलं अंग दातांनी आवरतेय, हे मला पहिल्यांदा सांगणारं माणूस तुम्ही. आईबापानंतर इतकं कुणी दिलं नाही मला. बघा, चांगलं लिहिलं. पान भरलं.

पुढचं शिक्षण सगळं तुमच्या खोलीतलं. कॉलेजात ते इंग्रजीत पाठ केलं होतं. तुम्ही मराठीत दाखवलंत. जन्मलेल्या बाळाला जगात एकच काम येतं, चोखायचं, गिळायचं आणि त्या दोन्हींच्या मध्ये श्वास घ्यायचा. या तिन्हींचा ताल जमला की बाळ निवतं, डोळे उघडून आईकडं बघायला लागतं. ताल चुकला की ठसका, रडणं, तोंड लालबुंद. पुढं माणूस कितीही मोठा झाला तरी बिनसलं की त्या तालाकडंच जातो. म्हणून कुणी सुपारी चघळतो, कुणी पेनाचं टोपण. तुम्ही त्याला पारा म्हणायचात. "पारा बघ आधी, पोराचं नाव नंतर विचार." पारा चढलेलं पोर धावतं, ओरडतं, चावतं. पारा उतरलेलं पोर तोंड उघडं टाकून बसतं, लाळ गळते, हाक मारली तरी वळत नाही. चढलेल्याला घट्ट लस्सी स्ट्रॉनं ओढायला द्यायची, लांब फुंकायला लावायचं, खारीक चावायला द्यायची. खारीक सावकाश चावावी लागते, जबड्याला काम मिळतं आणि अंग थाऱ्यावर येतं. उतरलेल्याला थंड, आंबट, कुरकुरीत. मग बाकीचं शिकवणं.

हे खरं होतं. आजही खरं आहे. तो रिक्षावाल्याचा मुलगा आठवतो? न्हाव्याच्या खुर्चीत बसला की कैची पाहून उलटी करायचा. तुम्ही बापाला सांगितलंत, खुर्चीत बसायच्या आधी लस्सी, स्ट्रॉ बारीक हवी, ओढताना गाल आत गेले पाहिजेत. पोरानं पहिल्यांदा जागेवर बसून केस कापून घेतले आणि बाप आपल्या जिन्यात रडत बसला. तुम्ही वरून ओरडलात, "रडायचं असेल तर बाजूला बसा, लोकांना वाट द्या." असं होतं तुमचं. माणसाला जीव लावायचा आणि लगेच चिमटा काढायचा.

जान्हवीही तशीच आली होती. तीन वर्षांची, काही गिळलं की ठसका, रात्र रात्र झोप नाही, भिंतीवर डोकं आपटायची. वैशाली तेव्हा नुसती हाडं उरली होती. तुम्ही स्ट्रॉचा बोटाएवढा तुकडा कापून सुरुवात केलीत, मग थोडा लांब, मग आणखी लांब. पावसाळा संपेस्तोवर पोरगी झोपायला लागली. वैशालीनं तुमच्या पायावर डोकं ठेवलं. ठेवायलाच हवं होतं. मी तिच्या जागी असते तर मीही ठेवलं असतं.

तिथंच थांबायला हवं होतंत, ताई.

भांडण आपलं पिपाणीवरून. विसर्जन झालं की पुण्यातल्या प्रत्येक घरातून पिपाणी हद्दपार होते, आयाबाया त्या कचऱ्यात फेकतात. तुम्ही शेजारपाजारच्यांकडून मागून आणायचात आणि साबणानं धुवून पोरांच्या तोंडात द्यायचात. फुंकलं की श्वास लांबतो, श्वास लांबला की पारा उतरतो. इथवर मी तुमच्याबरोबर होते. पण तुम्ही पालकांना पुढचं सांगायचात. "आधी फुंकर, मग ओठ, मग शब्द. ओठांत जोर आला की बोलेल."

"असं नाही होत, ताई," मी म्हणायचे. "तोंड एकच असलं तरी फुंकणं वेगळं, बोलणं वेगळं. सायकल चालवून कुणाला नाच येत नाही."

"नाचणारा आधी चालायला शिकतो."

"चालणारे सगळे नाचत नाहीत."

"तुझी जीभ फार चालते. पिपाणी वाजवत होतीस वाटतं लहानपणी?"

ऐकणारे हसायचे. तुमचं असंच होतं, वाद जिंकता आला नाही की लोकांना हसवून जिंकायचात.

मला एवढंच हवं होतं की जान्हवीला चित्रांचा तक्ता द्या. पाण्याचं चित्र, भुकेचं, घरचं, नकोचं. बोट लाव, सांग, मोकळी हो. पोरीला बोलता येत नाही, पण सांगायचं कितीतरी असेल. तुम्ही ती चित्रं उचलून माझ्या हातात परत दिलीत. "मुक्यांचं दुकान मांडू नकोस माझ्या खोलीत. एकदा बोट दाखवायची सोय झाली की जीभ कशाला हलवेल ती?" जणू पोरगी आळसानं गप्प बसली होती. चित्रं दिल्यानं बोलणं अडत नाही, उलट कधी कधी सुटतं, हे मी तुम्हाला किती परीनं सांगितलं. तुम्ही चष्मा पुसत बसलात.

म्हणून एकदा मी वैशालीला जिन्यात गाठून सांगितलं. आणि ती भाबडी बाई सरळ वर येऊन तुम्हालाच विचारती झाली. तेव्हा तुम्ही माझ्यासमोर तिला काय म्हणालात ते मी शब्दाला शब्द सांगू शकते. "हिची आई मंडईत बसते ना. तिथं गिऱ्हाइकाला आधी 'नाही' म्हणायची पद्धत असते, म्हणजे मालाची किंमत वाढते. आपल्याकडे तसं नसतं हं."

वैशाली हसली. तिच्या सासऱ्याची मेथी कैक वर्षं त्याच मंडईत गेली, तरी हसली.

मी दुसऱ्या दिवशी वेळेवर आले. तुम्हाला वाटलं असेल, बिचारीला नोकरीची गरज आहे. नोकऱ्या मला दहा मिळाल्या असत्या. तुमच्या हातात जे होतं ते सगळं काढून घेतल्याशिवाय मी जाणार नव्हते. हा मंडईचाच गुण, ताई. चांगला माल दिसला की दुकानदाराचं तोंड बघत बसायचं नाही.

पण त्या दिवसापासून मनात तुम्हाला मी एकाच नावानं हाक मारायची. खोटारडी. मला खात्री होती, तुम्हाला सगळं कळतं. पालक टिकावेत, तुमचं नाव व्हावं, म्हणून तुम्ही जाणूनबुजून आशा विकताय. या विचारानं मला बरं वाटायचं. आपण खरे आणि समोरचं माणूस खोटं, याच्याइतकी मऊ उशी दुसरी नाही.

मग तुम्हाला झटका आला. उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं. अख्ख्या पुण्यातली सगळ्यात तिखट जीभ, तिच्यावर एकच शब्द उरला, "बरं."

"आजी, पाणी हवं?" कामवाली विचारायची. "बरं."

"आजी, खिडकी लावू?" "बरं."

तुमचा मुलगा म्हणायचा, "आई किती शांत झालीय, कशालाच नाही म्हणत नाही." मला तुमचा जबडा दिसत होता. तुम्ही दात इतके आवळले होते की कानाजवळची शीर उडत होती. ज्या बाईनं शेकडो पोरांचा पारा वाचला, तिचा पारा तिच्या स्वतःच्या घरात कुणाला वाचता येत नव्हता.

पातळ काही दिलं की ठसका लागायचा, म्हणून मी संध्याकाळी येऊन तुम्हाला भरवायची. हनुवटी खाली, अर्धा चमचा, गिळेपर्यंत थांबायचं, मग दुसरा. तुम्हीच शिकवलेलं. तुम्ही माझ्याकडं जे बघायचात त्यात आभार नव्हते. मीही पुण्य कमवायला येत नव्हते. तुमच्या तोंडाला चमचा लावताना मला बरं वाटलं नाही असं म्हणणार नाही. वाटलं. थोडं जास्तच वाटलं.

आणि मग मी तो तक्ता केला. तुमच्यासाठी, तुमच्या घरातल्या वस्तूंचे फोटो काढून. चहा, चष्मा, पेपर, पंखा. दोन चौकोन खास तुमचे म्हणून घातले, "गप्प बस" आणि "चालती हो". मला वाटलं, निदान त्या दोनांवर बोट ठेवायचा मोह तुम्हाला आवरणार नाही. तुम्ही तक्ता पाहिलात. सगळा पाहिलात, वरून खालपर्यंत. आणि चांगल्या हातानं असा भिरकावलात की तो कॉटखाली जाऊन पडला.

मग तुम्ही कपाटाकडं हात केलात. मी साडी दाखवली, शाल दाखवली, औषधं दाखवली. प्रत्येक वेळी तुम्ही "बरं" म्हणालात आणि प्रत्येक वेळी हात तसाच. शेवटी वरच्या कप्प्यातली पिशवी काढली. तिच्यात पिपाण्या होत्या.

तुमचं अर्धं तोंड लुळं पडलं होतं. हवा कोपऱ्यातून निसटायची, लाळ गळायची, पिपाणी नुसती फुसफुसायची. तुम्ही पुन्हा फुंकलंत. पुन्हा. चेहरा लाल झाला. कामवाली बाई दारातून म्हणाली, "आजींना गणपती आले वाटतं." तुमचं तिच्याकडं लक्षही नव्हतं. प्रत्येक फुंकरीनंतर तुम्ही पिपाणी बाजूला करायचात, तोंड उघडायचात आणि वाट बघायचात. शब्दाची. डोळे मोठे करून, परीक्षेचा निकाल ऐकायला उभ्या असलेल्या पोरासारख्या.

"बरं."

पुन्हा फुंकर.

"बरं."

तिथं कुणी पालक नव्हते. कुणाला टिकवायचं नव्हतं. तुम्ही ते स्वतःसाठी करत होतात, म्हणजे तुमचा त्यावर विश्वास होता. खरा, पक्का, पहिल्यापासूनचा. तुम्ही खोटारड्या नव्हतात, ताई. मी इतकी वर्षं चुकीच्या बाईचा राग करत होते.

आणि हे जास्त वाईट आहे. खोटं बोलणारा मनातून घाबरलेला असतो, त्याला कधीतरी पकडता येतं. तुम्हाला कुठं पकडणार? तुम्ही इतक्या मनापासून चुकत होतात की तुमच्या चुकीला चेहरा श्रद्धेचा होता. खोटारडीला माफ करता आलं असतं. प्रामाणिक माणसानं पोरीची वर्षं खाल्ली तर त्याचं काय करायचं, ते मला कुणी शिकवलेलं नाही.

कॉटखालून तक्ता काढला, धूळ पुसली आणि घरी घेऊन आले. काही दिवसांनी दुसरा झटका आला. मी तिथं नव्हते. बरं झालं नव्हते, नाहीतर तुम्ही शेवटचं "बरं" मला म्हणालात असं तुमच्या मुलानं सभेत सांगितलं असतं.

सभेनंतरच्या सोमवारी वैशाली जान्हवीला घेऊन आली, वेळेच्या आधीच. पर्समधून पिपाणी काढून टेबलावर ठेवली. मी ती बाजूला सारली आणि सांगितलं. दोन्ही वाक्यं सरळ सांगितली, कारण वळणं घेत सांगायची पद्धत आमच्याकडं नाही.

"वैशाली, जान्हवी गणपतीत आरती म्हणणार नाही. ताई म्हणत होत्या तसं फुंकून बोलणं येत नाही."

तिनं पिपाणी परत माझ्यापुढं सरकवली.

"ताईंच्या फोटोचा हार तरी वाळू द्यायचा," ती म्हणाली.

"आधीच उशीर झालाय."

"तुमी त्यांच्यावर पयल्यापास्नं जळता. मला ताई म्हनल्या हुत्या."

"म्हणाल्या असतील."

"तुमाला पोर हाय का?"

"नाही."

"मंग," ती म्हणाली. एवढंच म्हणाली. पोरीला दंडाला धरून जिना उतरली. खाली गाद्यांच्या दुकानापाशी जान्हवीचं किंचाळणं ऐकू आलं, आणि वैशालीचंही, कारण पोरगी तिच्या मनगटाला चावली होती.

गेले काही महिने तिचं चावणं वाढलंच होतं. कॉलरची चाळण झाली होती, आईचे हात, स्वतःचे हात, खुर्चीची पाठ, सगळ्याला दात. तुम्ही आजारी पडायच्या आधीपासून. तुम्ही म्हणाला होतात, "पारा चढलाय, खारका वाढवा." आपण वाढवल्या. तुम्ही गेल्यावर चावणं आणखी वाढलं तेव्हा मी म्हणाले, ताई दिसत नाहीत म्हणून बिथरलीय. तोंडाला कुणाला हात लावू देत नव्हती. आपण म्हणायचो, तोंड फार हळवं आहे हिचं.

दहा-बारा दिवसांनी वैशाली परत आली. माझं पटलं म्हणून नव्हे. "दुसरीकडं गेले हुते," ती दारातूनच म्हणाली. "चावते म्हनून घेत नायत. तुमी घेता म्हनून आले. ते चित्रांचं काय ते करा. पन मला काय सांगू नका."

मी काही सांगितलं नाही. काम केलं. चित्रं शिकवणं म्हणजे पोरीला फळ्यासमोर बसवणं नव्हे. आपण स्वतः बोट ठेवून बोलायचं, दिवसभर, वेड्यासारखं. पाणी प्यायचं तर मीच आधी पाण्यावर बोट ठेवणार. वैशालीचं कोपर दाराला लागलं की मी गुडघ्याला पट्टी बांधलेल्या मुलीच्या चित्रावर बोट ठेवणार, "आईला दुखतंय." वैशाली सुरुवातीला तोंड फिरवून बसायची. मग एक दिवस तिनंच रागानं तक्ता ओढला आणि "नको"वर बोट आपटलं. माझ्यावरचा राग तिनं माझ्याच तक्त्यावर काढला. मला आवडलं ते. आणि पोरीनं ते पाहिलं. त्याच आठवड्यात वैशालीनं पिपाणी हातात दिल्यावर पोरीनं "नको"वर तळवा ठेवला, अख्खा तळवा, आणि आमच्या दोघींकडं बघितलं, आता काय करता म्हणून. वैशालीनं पिपाणी उचलून पर्समध्ये टाकली.

गेल्या गुरुवारचं सांगते, त्याच्यासाठीच एवढं लिहायला बसले.

जान्हवी आली तीच तापलेली. हातावर दात, खोलीभर फेऱ्या. मी डब्यातून खारीक काढून दिली. हो, मीच दिली. चित्रं शिकवणारी मी, पण पारा चढलेला दिसला की माझाही हात आपोआप तुमच्याच डब्याकडं जातो. तिनं एकदा चावली आणि बाहेर काढून माझ्या हातावर ठेवली. मग माझं मनगट धरलं. तिचं स्वतःचं बोट नाही लावलं तिनं, माझं बोट धरलं, काठीसारखं, आणि तक्त्यावर नेलं. पट्टीवाल्या मुलीवर. दुखतंय.

"काय दुखतंय, बाळा?" वैशाली खाली बसली. "कुठं?"

जान्हवीनं माझं बोट तिथून उचललं आणि स्वतःच्या तोंडात घातलं.

ताई, त्या तोंडात बोट घालायची तुमची हिंमत झाली नव्हती. तिनं माझं बोट आत नेलं, डावीकडं, अगदी मागं, शेवटच्या दाढेपाशी. तिथली हिरडी फुगून गरम झाली होती. तिनं बोट तिथं दाबून धरलं आणि माझ्याकडं बघत राहिली. ती चावली नाही. जबडा थरथरत होता, पण चावली नाही.

दातांच्या डॉक्टरांकडं आम्ही तशाच रिक्षानं गेलो. तिला झोपवून बघावं लागलं. दाढ आतून पोखरलेली, मुळाशी पू. डॉक्टर तरुण होते, सरळ होते. म्हणाले, आजचं नाही हे, बरेच महिने झाले असणार. मोठ्या माणसानं एक रात्र काढली नसती. मग विचारलं, "दिवसभर गोड, चिकट असं काय चघळते ही?"

वैशालीनं माझ्याकडं बघितलं, मी खाली.

दाढ काढली. जान्हवी आतल्या खोलीत गुंगीत झोपली होती, तोंड उघडं, गाल सुजलेला, हात सैल. मी तिला इतकं सैल कधी पाहिलं नव्हतं. आपण इतके उपाय केले तिच्यावर, स्ट्रॉ, फुंकर, खारीक. एकदाही हा हात असा पडलेला नव्हता. बाहेरच्या बाकावर वैशाली माझ्या शेजारी बसली होती. मनगटावर चावल्याच्या जुन्या-नव्या खुणा. तिनं विचारलं, माझ्याकडं न बघता.

"म्हंजे ताई हुत्या तवापास्नं दुखत आसंल?"

"हो."

"तिला सांगता येत नव्हतं."

"सांगायला आपण तिच्याकडं काही ठेवलंच नव्हतं."

तिनं पदरानं नाक पुसलं. "आन् आपन तिला खारका देत हुतो. त्याच दाढंनं चावायला."

"हो," मी म्हणाले. एकदा माझ्या वतीनं, आणि तुम्ही आता नाही आहात, म्हणून मग एकदा तुमच्या वतीनंही.